कृपया काउंटर चारशी संपर्क साधावा

विमान रद्द झालं याचं त्याला काही वाटलं नाही. विमानं रद्द होतातच. याच विमानकंपनीच्या चार नंबरच्या काउंटरमागे चौतीस वर्षं उभं राहून त्याने इतकी विमानं रद्द होताना पाहिली होती, की एखादं वेळेवर सुटलं तर त्याला उगाच काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. सकाळचे साडेआठ झाले होते, हातातला चहाचा कागदी पेला अजून पोळत होता, आणि छतातल्या स्पीकरमधून कोणी गुळगुळीत आवाजाची बाई म्हणाली, "तांत्रिक कारणामुळे साडेनऊ वाजताचे उड्डाण रद्द करण्यात आले आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे." शब्द त्याचेच होते. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानेच ते एका दुपारी, तीन मसुदे फाडून, चौथ्यात बसवले होते आणि कंपनीने तेव्हापासून रंग बदलला, गणवेश बदलला, दोनदा मालक बदलले, पण हे वाक्य बदललं नव्हतं. त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. उलट, थोडं बरंच वाटलं. पण ही बाई 'गैरसोयीबद्दल'पासून 'दिलगीर'पर्यंत घसरगुंडीवरून आल्यासारखी सुळकन आली. मधे थांबलीच नाही. आजूबाजूच्या माणसांनी कपाळाला हात लावले, फोन काढले, एकाने चक्क बॅगेला लाथ मारली. हा मात्र पेला हातात धरून वर छताकडे बघत राहिला, आणि जो एक सेकंद आलाच नाही त्याची वाट बघत राहिला.

तो सेकंद त्याच्या थोरल्या बहिणीचा होता. ताई एकतीस वर्षं याच विमानतळावर घोषणा करत होती. तिसऱ्या मजल्यावर एक काचेची खोली होती, कपाटापेक्षा थोडी मोठी. तिथे एक खुर्ची, एक माइक, कोमट पाण्याचा थर्मास आणि ताई. खाली काउंटर नंबर चारवर हा. विमान रद्द झालं की ताई म्हणायची, "प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी..." आणि थांबायची. सगळा विमानतळ थांबायचा. बॅगांची चाकं थांबायची, रडणारी पोरं थांबायची. मग "...दिलगीर आहे." त्या एका सेकंदात तिला खरंच वाईट वाटतंय, असं दोनशे माणसांना एकदम वाटायचं, आणि त्यातली निम्मी तरी शिव्या न देताच रांगेत लागायची. लगेच ती पुढचं वाक्य म्हणायची, "अधिक माहितीसाठी कृपया काउंटर चारशी संपर्क साधावा." म्हणजे थोरली बहीण आठवड्यातून दोन-तीनदा धाकट्या भावाच्या अंगावर दोनशे माणसं सोडायची, आणि तेही 'कृपया' म्हणून. त्याने तिला एकदा विचारलं होतं, की ताई, तू त्या शब्दाआधी थांबतेस ते काय आहे? कंपनीत त्यावर बरीच चर्चा होती. कोणी म्हणे अभिनय, कोणी म्हणे अंतःकरण. ताई म्हणाली, "आवंढा गिळते रे. तुझं वाक्य लांब आहे."

आता ताईचा तो आवंढाच दुखत होता. तीन आठवड्यांपूर्वी भाचीचा फोन आला, की मामा, आईच्या घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. त्यानंतर आवाज नाही. "तिला फोन दे," हा म्हणाला. "ती फोनवर बोलायलाच तयार नाही. तुमच्यासाठी चिठ्ठी लिहिलीय, वाचू?" आणि भाचीने वाचली: "धाकट्याला सांग, फोन करू नको, ये. मी जन्मभर यंत्रात बोलले. एकदा समोर बसून बोलायचंय." ऑपरेशन पुढच्या सोमवारी होतं, त्याप्रमाणे त्याने शनिवारचं तिकीट काढलं होतं. काल दुपारी पुन्हा फोन. डॉक्टर थांबायला तयार नाहीत, उद्याच, म्हणजे आज, संध्याकाळी पाचला आत नेणार. ताई राहत होती ते लेकीचं शहर गाडीने वीस तासांवर आणि विमानाने सव्वा तासावर. मुलाने घाईने आजच्या सकाळचं तिकीट काढून दिलं. म्हणजे हिशेब सरळ होता: पाचच्या आत तो ताईसमोर बसला, तर ती बोलणार, नाहीतर जे बोलायचं होतं ते तिच्या घशातच राहणार आणि घसा डॉक्टर काढून नेणार.

हा हिशेब डोक्यात स्पष्ट असूनही पाय काय करत होते बघा. त्याला कळलं तेव्हा तो रांगेच्या अगदी शेवटी उभा होता. रांग काउंटरपासून निघून खांबाला वळसा घालून पुस्तकांच्या दुकानापर्यंत आली होती आणि हा पुस्तकांच्या दुकानापाशी, भिंतीला पाठ लावून, बॅग पायांत धरून, कोणाच्या वाटेत येणार नाही असा. कोणी मागून आलं की हा सरकायचा आणि हाताने खूण करायचा, व्हा पुढे. एक बाई झाली, एक जोडपं झालं, मग दोन मोठ्या बॅगा आणि एक मोठं पोट घेऊन एक गृहस्थ आले. "तुम्ही रांगेत आहात ना?" त्यांनी विचारलं. "आहे, पण तुम्ही व्हा." गृहस्थ भारावले. म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं उरली नाहीत हो आता." आणि त्याच्या पुढे जाऊन उभे राहिले, रुंद.

यात मोठेपणा काही नव्हता, सवय होती. स्टाफ शेवटी. कंपनीतल्या माणसाला विमानप्रवास फुकट, पण जागा उरली तर. आणि उरली की नाही हे शेवटच्या प्रवाशाचा शेवटचा पाय आत गेल्यावर कळणार. तोवर भिंतीशी उभं राहायचं, इस्त्रीचे कपडे घालून, चेहऱ्यावर घाई न दाखवता. बसायला मिळालं तरी पट्टा जरा सैल ठेवायचा, कारण दारातून कोणी धापा टाकत आला तर उठायचं आपणच. जेवणाचा ट्रे आला तर आधी मागच्यांना पुरेल का ते बघायचं. चौतीस वर्षं असा प्रवास केल्यावर माणसाच्या पाठीला भिंत आपोआप सापडते. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाला ही दोघं अशीच भिंतीशी उभी होती, ती नव्या साडीत, हा नव्या बुटात, आणि एकच जागा उरली. दारावरच्या सहकाऱ्याने डोळ्यांनी विचारलं, कोण? याने बायकोला पुढे केलं. तेवढा शिष्टाचार त्याला होता. दुसऱ्या दिवशीही विमान भरलेलं आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याला जागा मिळाली तेव्हा ती परतीच्या वाटेवर होती. बायको शेवटपर्यंत, अगदी आजारपणातसुद्धा, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "मी मधुचंद्राला एकटीच जाऊन आले. हवा छान होती." तिला जाऊन सहा वर्षं झाली. पण अजूनही कुठल्याही दारात दोघांना एकदम शिरायची वेळ आली की तो मागे सरकून हात पुढे करायचा, आणि मग लक्षात यायचं की हात रिकाम्या जागेला वाट करून देतोय.

खिशात फोन थरथरला. मुलगा.

"बाबा, मला मेसेज आला, रद्द झालं म्हणून. तुम्ही कुठे आहात?"

"रांगेत."

"रांगेत कशाला? फोनवरच पर्याय आलेत. सव्वाबाराच्या विमानात जागा दिसतायत. तिथे बोट लावा फक्त."

"लावलं होतं. गोल गोल फिरतंय."

"परत लावा. बरं, रांगेत कितवे आहात?"

हा गप्प राहिला. मुलगा स्टाफच्या घरात वाढलेला होता, त्याला गप्प राहण्याचा अर्थ कळला.

"बाबा. ते पूर्ण पैशांचं तिकीट आहे. मी विकत घेतलंय. तुम्ही स्टाफ नाही आहात, तुम्ही प्रवासी आहात."

"हो रे."

"मग प्रवाशासारखं वागा की. जरा ओरडा."

"कोणावर?"

"कोणावरही! सगळे ओरडतायत तिकडे, मला इथे ऐकू येतंय."

खरं होतं. पुढे काउंटरपाशी छान ओरडाआरडा चालला होता. त्याने जरा कान देऊन ऐकला, आणि ऐकताना त्याला बरं वाटलं, तरुणपणचं गाणं लागावं तसं. "मी तुमच्या मोठ्या साहेबांना ओळखतो", "मी लिहून देईन", "माझी मीटिंग आहे, मीटिंग!" चाळीस वर्षांत त्यात एका शब्दाची भर पडली नव्हती. त्याच्या वेळी एकदा पांढऱ्या कोटातला एक जण ओरडला की मी डॉक्टर आहे, एक पेशंट टेबलावर आहे; आणि त्याच्या मागचा म्हणाला की तो पेशंट मीच आहे, मला आधी पाठवा. त्या काळी तिकीट म्हणजे पातळ कागदांची वही असायची, मधे लाल कार्बन. पान फाडलं की बोटांना लाली लागायची, आणि गर्दीच्या दिवशी ती लाली कपाळाला, कॉलरला, चहाच्या कपाला. घरी गेलं की ताई दार उघडायची आणि काही न बोलता त्याच्या कपाळाकडे बोट दाखवायची. घरी ती बोलायचीच नाही फारशी. घसा कामासाठी राखलेला. आई-वडील लवकर गेले. ती अकरा वर्षांनी मोठी, तिनेच याला वाढवलं, आणि जवळजवळ सगळं बोटांनी वाढवलं. बोट दाराकडे गेलं नाही कधी, तशी वेळच आली नाही; पण पुस्तकाकडे, बादलीकडे, घड्याळाकडे, उसवलेल्या बटणाकडे जायचं. संध्याकाळी मोरीत उभी राहून मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची, तोच घरातला तिचा मोठ्यात मोठा आवाज. त्यामुळे बहिणीचा आवाज ऐकायचा असेल तर याला कामावर जावं लागायचं. तिथे ती दिवसभर छतातून बोलायची. इतकी सवय झाली होती, की कधी रविवारी तिने स्वयंपाकघरातून हाक मारलीच, "अरे धाकट्या", तर हा आधी वर छताकडे बघायचा. बायकोने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिला वाटलं होतं पाल आहे.

रोज घरी गेल्यावर मात्र एक प्रश्न ती तोंडाने विचारायची. "किती आले?" म्हणजे मी घोषणा केल्यावर तुझ्याकडे माणसं किती आली. हा आकडा सांगायचा. मग दुसरा प्रश्न, "किती गेले?" म्हणजे किती जणांची सोय लागली. बहुतेक दोन्ही आकडे जुळायचे, आणि ती मान हलवून गुळण्या करायला जायची.

एकदा जुळले नव्हते. त्याचं कारण कलम सात. त्या वर्षी वरून हुकूम आला, की प्रवाशांचे हक्क छापून काढा. कंपनीत मराठी नीट लिहिणारा हा एकटा, काम याच्याकडे. याने मन लावून लिहिलं. विमान रद्द झाल्यास प्रवाशाला पूर्ण पैसे परत, किंवा पुढच्या विमानात जागा, किंवा त्याच्या सोयीची तारीख, थांबावं लागलं तर चहा-नाश्ता, एक फोन. आणि सातवं कलम: आपल्या विमानात जागा नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाने त्याला पोचवावं. मोठ्या साहेबांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "छान आहे. फार उदार आहे. जरा कमी उदार करून आणता का?" याने टेबलाशी बसून पंधरा मिनिटं विचार केला आणि चार शब्द घातले, 'प्रवाशाने तशी मागणी केल्यास'. साहेबांनी उठून पाठीवर थाप मारली. त्या चार शब्दांवर त्याला बढती मिळाली आणि टोपणनावही. मित्र त्याला 'कलम सात' म्हणायला लागले. पत्रकं छापून आली आणि काउंटरच्या डाव्या खणात, स्टेपलरच्या खाली, नीट ठेवली गेली. रीत अशी पडली की खोटं कधी बोलायचं नाही, पण कोणी विचारलं नाही तर खरंही बोलायचं नाही. ओरडणारे ओरडता ओरडता कधीतरी बरोबर तो प्रश्न विचारायचे आणि जायचे. गप्प बसणारे गप्प बसायचे.

त्या दिवशी एक शिंपी गप्प बसला होता. शिंपी हे नंतर कळलं. हातात हँगर, हँगरवर कोट, कोटावर पातळ कागद. मुलीच्या लग्नात जावयाने घालायचा कोट, स्वतः शिवलेला. लग्न त्याच संध्याकाळी, सव्वा तासाच्या अंतरावर. कोट चुरगळू नये म्हणून तो माणूस हँगर खांद्याच्या वर धरून बसला होता, आणि हात दुखला की हात बदलत होता. डावा, उजवा, डावा. याने त्याला सांगितलं, आजच्या विमानांत जागा नाही, उद्या सकाळी आहे. तो बरं म्हणाला. दोन वाजता दुसऱ्या कंपनीचं एक विमान सुटलं, त्यात सहा जागा रिकाम्या होत्या. याला ते माहीत होतं आणि याचा हात दोनदा डाव्या खणाकडे गेला. पण माणसाने विचारायला तर हवं. त्याने नाही विचारलं. संध्याकाळपर्यंत डावा, उजवा, डावा. घरी ताईने विचारलं, "किती आले?" हा म्हणाला, "एकशे अठ्ठ्याऐंशी." "किती गेले?" "एकशे सत्त्याऐंशी." "तो कोटवाला?" काचेच्या खोलीतून तिला सगळं दिसायचं. हा म्हणाला, "त्याने मागितलं नाही, ताई." ती गुळण्या करायला गेली. नंतर तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण ती एरवीही बोलायची नाही, त्यामुळे हे त्याच्या लक्षात यायला तिसरा दिवस उजाडला.

समोर बसून तिला तेच बोलायचं असेल का? की ती तिच्या घड्याळाची गोष्ट, नववीत असताना त्याने तिचं मनगटी घड्याळ पाण्यात चालतं का ते पाहिलं आणि नाव मांजरावर घातलं. तिने मांजराला आठवडाभर दूध दिलं नाही. की लग्नाचं काही, तिचं इतक्या उशिरा झालं ते याच्या शिक्षणापायी, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नव्हतं. रांग सरकत होती. खांब आला, खांब गेला. त्याने पेला कचऱ्यात टाकला आणि तेवढ्यात पुढच्या रुंद गृहस्थांचा नंबर लागला. ते ओरडले नाहीत, नुसते काउंटरवर टेकले, आणि दोन मिनिटांत हसत वळले. "मिळाली!" त्यांनी याला सांगितलं, जसं काही दोघांचं ठरलंच होतं. "सव्वाबाराची शेवटची जागा. तुमच्यामुळे हं!" आणि याच्या खांद्यावर थोपटून दोन बॅगा ओढत निघून गेले.

काउंटरमागची मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली सकाळची पाळी. तिने पडद्यावर बघितलं, मग त्याच्याकडे.

"काका, सॉरी हं. सव्वाबाराचं भरलं आत्ताच. आमच्याकडे आता दोनच पर्याय आहेत. उद्या सकाळी साडेनऊ, नाहीतर पूर्ण पैसे परत."

"मला आज पाचच्या आत पोचायचंय."

"हो काका, पण आमच्याकडे दोनच पर्याय आहेत."

आणि हे म्हणताना तिची नजर किंचित डावीकडे गेली. खालच्या खणाकडे. इतकी किंचित, की जगात फार तर दहा-बारा माणसांच्या लक्षात आली असती, आणि त्यातली निम्मी आता हयात नव्हती. त्याला तिचा राग आला नाही. स्वतःचाच जुना फोटो कोणाच्या तरी घरात भिंतीवर दिसावा तसं झालं. इतकी वर्षं तो त्या बाजूला उभा राहून म्हणत होता, माणसाने विचारायला तर हवं. विचारायला काय लागतं, तोंड उघडायचं. आता या बाजूने उघडायला गेला तर जीभ टाळूला चिकटली. मागे कोणी नव्हतं, स्टाफ शेवटी, तरीही मागे कोणी खोळंबलंय असं वाटून कान तापले. नको, बरं, उद्याचं द्या, असं म्हणायला ओठ तयारसुद्धा झाले. किती सोपं होतं ते 'बरं'. त्या शिंप्यानेही 'बरं'च म्हटलं होतं. आणि मग नकळत त्याचा उजवा हात खांद्याच्या वर गेला, जणू हातात हँगर आहे. मुलगी बघायला लागली.

"कलम सात," तो म्हणाला. आवाज चिरकला.

"काय, काका?"

"कलम सात. दुसऱ्या कंपनीचं विमान. मी... मी तशी मागणी करतोय."

मुलीचा चेहरा आधी सावध झाला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कोणी सांगायचं नाही, तेच तर आहे त्यात."

तिने आतल्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे पस्तिशीचा, टायवाला, थकलेला. "काका, तसं आम्ही सहसा करत नाही," तो अदबीने म्हणाला.

"'सहसा' हा शब्द कलमात नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी घातला असता तर असता."

साहेबाला यातलं काही कळलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून नियमाचा नंबर निघाला की पुढे अर्ज निघतात, एवढा अनुभव त्याला होता. त्याने मुलीकडे पाहून मान हलवली. तिने खण उघडला. स्टेपलर उचलला. खाली पत्रकं होती, कागद नवा, रंग नवा, बाकी तेच. एक वाजून वीस मिनिटांच्या विमानात तीन जागा होत्या. तिने एक त्याच्या नावावर लावली आणि हळूच म्हणाली, "आज सकाळपासून कोणीच मागितलं नाही हो."

"आणि त्या?" त्याने खुर्च्यांकडे खूण केली. तिथे एक बाई शब्दकोडं सोडवत बसली होती, पायाशी लहानशी बॅग. तिला 'उद्या सकाळी' मिळालं होतं आणि तिने ते घेतलं होतं.

"त्यांनी मागितलं नाही ना," मुलगी म्हणाली, आणि बोलल्यावर स्वतःच खाली बघायला लागली.

तो त्या बाईपाशी गेला. काही चोरून द्यावं तसा वाकला. "बाई, आज जायचंय का तुम्हाला?"

"जायचं होतं. का?"

"मग उठा. काउंटरवर जा आणि कलम सात मागा."

"ते काय असतं?"

"आधी मागा. मग सांगतात."

बाईने त्याच्याकडे, मग कोड्याकडे पाहिलं, पेन्सिल केसांत खोचली आणि उठली. ती परत येईपर्यंत तो थांबला नाही. दुसऱ्या कंपनीच्या दारापाशी त्याला भिंत सापडली होती, पण नाव पुकारल्याबरोबर तो भिंत सोडून पुढे गेला आणि आत बसल्यावर, नोकरीची चौतीस अधिक निवृत्तीची नऊ, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, पट्टा घट्ट ओढला.

दवाखान्यात पोचायला चार वाजून दहा मिनिटं झाली. या गावातही रस्ते होते आणि रस्त्यांत गाड्या होत्या. भाची मजल्यावर जिन्याशीच उभी होती. "मामा! किती वेळ! ती सकाळपासून दाराकडे बघतेय. पावणेपाचला माणसं येतील न्यायला, त्याआधी जे काय ते." खोली लहान होती, स्वच्छ, एका बाजूला मोठी काच. काचेतून खालचं आवार, गाड्या, येणारी-जाणारी माणसं दिसत होती, आणि काचेशी खुर्ची ओढून ताई बसली होती, टेबलावर कोमट पाण्याचा थर्मास. क्षणभर त्याला जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आल्यासारखं वाटलं. गळ्याभोवती मऊ रुमाल होता. ती बारीक झाली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बोट उचलून समोरच्या स्टुलाकडे नेलं. तो बसला. समोरासमोर. गुडघ्याला गुडघा लागेल एवढं अंतर.

"किती आले?" ताईने विचारलं.

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण कोणीतरी त्याला फार वर्षं घडी घालून ठेवल्यासारखा, घड्यांवर विरलेला. त्याला उशीर का झाला ते सांगायचं होतं, क्षमा मागायची होती, तो म्हणाला, "ताई, काय झालं माहितेय," आणि सुरू झाला. छतातली गुळगुळीत बाई सांगितली, ती न थांबता कशी घसरली ते करून दाखवलं. ताईच्या डोळ्यांत हसू आलं. पुस्तकांच्या दुकानापर्यंतची रांग सांगितली, मुलगा म्हणाला ओरडा ते सांगितलं, रुंद गृहस्थ चालून दाखवले. "मग?" ताई म्हणाली. मग मुलगी, मग खणाकडे गेलेली नजर. "गेली ना?" ताईने डोळ्यांनीच विचारलं, आणि त्याने डोळ्यांनीच ती नजर तिला दाखवली. तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, घसा धरून. "मग?" मग हात कसा वर गेला ते सांगितलं. कलम सात सांगितलं. 'सहसा'चं सांगितलं. शब्दकोड्याची बाई सांगितली. असा तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, ना बायकोशी, ना मुलाशी, थांबताच येईना.

"किती गेले?" ताईने विचारलं.

"दोघं. मी आणि ती बाई. म्हणजे मागितलं असेल तर."

ताईने थर्मासच्या झाकणातलं पाणी एक घोट घेतलं, जपून गिळलं. काचेतून खाली बघत म्हणाली, "कोट चुरगळला नव्हता रे त्याचा. शेवटपर्यंत. मी वरून बघत होते."

बाहेर चाकांचा आवाज आला. भाचीने दार उघडलं, मागे हिरव्या कपड्यांतली दोन माणसं आणि ढकलगाडी. तेव्हा कुठे त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती आणि ती सगळी त्यानेच वापरली होती. ती एकदा समोर बसून बोलणार होती, आणि याने तिला विमानकंपनी ऐकवली.

"ताई," तो घाईने म्हणाला, "मीच बोलत बसलो गं. तुला... तुला काय बोलायचं होतं?"

हिरव्या कपड्यांतली माणसं दाराशी थांबली. भाची थांबली. ताईने रुमाल सारखा केला, श्वास घेतला, आणि थांबली. तो सेकंद. त्याच्या ओळखीचा, तोच, सबंध विमानतळ जागच्या जागी उभा करणारा. त्याने वाट पाहिली, मान उंचावून, सगळं अंग कान करून. वर पांढरं छत होतं, छताला एक जाळी होती आणि जाळीतून थंड हवा येत होती.

"अरे धाकट्या, वर काय बघतोस?" ताई म्हणाली. "मी इथे आहे."